सिंड्रेलाचा लोखंडी पाय

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. मैत्रिणीकडून ‘सिंडर’ नावाची इंग्रजी कादंबरी आणून तिनं दोन रात्रींत संपवली. मी चाळून पाहिली, तर सिंड्रेला अर्धी माणूस, अर्धी यंत्र, आणि गोष्ट घडते चक्क भविष्यातल्या ‘न्यू बीजिंग’मध्ये. आपण लहानपणी वाचलेल्या गोष्टीची ही मोडतोडच वाटते. आता तिला परीकथांवरची अशीच आणखी पुस्तकं हवी आहेत. द्यावीत का? दिली तर कुठली?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, जरूर द्या. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर मी एकवीस वर्षं मुलांचं वाचनालय चालवलं. कुठल्या पुस्तकांची पाठ आधी फाटते आणि कुठल्यांना वर्षाच्या आत दुसऱ्यांदा कव्हर घालावं लागतं, ते मला पाठ आहे. ‘सिंडर’ त्यातलंच एक.

त्याचं पहिलं वाक्य पुन्हा एकदा बघा. सिंडरच्या घोट्यातला स्क्रू गंजलाय. बाजारातल्या आपल्या दुरुस्तीच्या गाळ्यात बसून ती तो काढायच्या खटपटीत आहे, कारण अकराव्या वर्षी बसवलेला लोखंडी पाय तिला आता लहान होतो. सिंड्रेलाची ओळख म्हणजे तिचा लहानसा पाय. लेखिका मेरिसा मायरनं तोच पाय पहिल्याच ओळीत आपल्यापुढे ठेवला, पण त्यातलं नाजूकपण काढून घेतलं आणि गंज, तेल, वेदना त्यात घातली. शेवटी राजवाड्याच्या पायऱ्यांवर बूट राहत नाही, पायच निखळतो. हे पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लोकलमध्ये होते आणि माझं स्टेशन चुकलं. इतकी जपून केलेली ही मांडणी आहे, तिला मोडतोड कसं म्हणू?

आणि मूळ गोष्ट म्हणजे नेमकी कुठली? काचेचा बूट आणि भोपळ्याची गाडी फ्रान्सच्या शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या पुस्तकातली. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलाकडे परी येतच नाही. ती आईच्या थडग्यावरच्या झाडाखाली जाऊन रडते आणि झाडावरचा पक्षी तिला कपडे टाकतो. बूट बसावा म्हणून सावत्र बहिणींपैकी एक अंगठा कापून घेते, दुसरी टाच. आणि चीनमध्ये नवव्या शतकात दुआन चेंगशी नावाच्या गृहस्थांनी ये-शिएन नावाच्या मुलीची गोष्ट लिहून ठेवली आहे. तिच्यावर माया करणारा मासा सावत्र आई मारून खाते, त्याच्या काट्यांकडून मुलीला वस्त्रं मिळतात, आणि जत्रेतून परतताना तिचा सोन्याचा जोडा हरवतो. म्हणजे पेरोच्या आधी सुमारे आठशे वर्षं. सिंड्रेला बीजिंगमध्ये पोचली, ती एका अर्थानं माहेरी गेली म्हणा.

आता एक जुनी गोष्ट सांगते. दर शनिवारी मी वाचनालयात गोष्ट वाचून दाखवायचे. एकदा हॅन्सेल आणि ग्रेटेल काढली. नऊ वर्षांची एक मुलगी नेहमी माझ्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसायची. सावत्र आई मुलांना जंगलात सोडून यायला सांगते, ते वाक्य मी वाचलं आणि ती उठून दाराशी चपलांच्या रॅकजवळ जाऊन उभी राहिली, पाठ करून. तिची आई सावत्र होती. मला ते माहीत होतं, तरी वाचताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तो शनिवार मला अजून टोचतो.

त्या रात्री मी घरी शोधत बसले. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत मुलांना सोडून द्या म्हणणारी बाई सख्खी आईच आहे. १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हिमगौरीचंही तेच. १८१२ मध्ये सख्खी आईच तिच्या जिवावर उठते, १८१९ मध्ये तिच्या जागी सावत्र आली. आईची प्रतिमा डागाळू नये म्हणून त्या भावांनी हा बदल केला, असं अभ्यासक सांगतात आणि मलाही ते पटतं. पुढच्या शनिवारी मी हे सगळ्या मुलांना सांगितलं. त्या मुलीनं फक्त एवढंच विचारलं, “कोणी बदललं?” मी वाचनालयाच्या कार्डामागे ‘याकोब आणि विल्हेल्म’ असं लिहून दिलं. तिनं ते कंपासपेटीत ठेवलं आणि पुन्हा पुढे येऊन बसली.

म्हणून जुन्या गोष्टीकडे नव्यानं बघणाऱ्या पुस्तकांवर माझा जीव आहे. ‘सिंडर’मध्ये दोन सावत्र बहिणींपैकी धाकटी पिओनी सिंडरवर खरी माया करते. ती साथीच्या रोगानं आजारी पडते, तेव्हा सिंडरची होणारी तगमग बघा. त्या रॅकजवळ उभ्या राहिलेल्या मुलीला मी पुढे कधीतरी हे पुस्तक दिलं असतं, पण तोवर त्यांची बदली झाली होती.

तुमच्या मुलीसाठी पुढचं पुस्तक गेल कार्सन लेव्हीन यांचं ‘एला एन्चांटेड’, १९९७ सालचं. लेखिकेनं सिंड्रेलाला एकच प्रश्न विचारला आहे : ही मुलगी सगळ्यांचं सगळं मुकाट्यानं ऐकते तरी का? उत्तर असं, की जन्मताच भेट म्हणून एका परीनं तिला आज्ञाधारकपणा दिलाय. कुणीही हुकूम सोडला की एलाला तो पाळावाच लागतो, मग तो कितीही घातक असो. पण तिचा स्वभाव बंडखोर. स्वयंपाकीणबाईंनी बदाम आणायला सांगितले, की ही दोनच बदाम आणून ठेवते. हुकूम पाळला, पण आपल्या मनासारखा! पुढे सावत्र बहिणीला हे गुपित कळतं आणि ती एलाच्या वारलेल्या आईचा हार फक्त ‘दे’ म्हणून काढून घेते. ते पान वाचताना माझ्या घशाशी आवंढा येतो. आपल्याकडे ‘ऐकणारी मुलगी’ हे केवढं कौतुकाचं बोलणं आहे, आणि हे पुस्तक त्या कौतुकाच्या आतलं दुखणं दाखवतं. शाप कसा सुटतो ते सांगत नाही. तुम्ही दोघी मिळून वाचा.

शॅनन हेलचं ‘द गूस गर्ल’ त्यानंतर चालेल. नेओमी नोविकचं ‘स्पिनिंग सिल्व्हर’ मात्र अकरावी-बारावीपर्यंत राहू द्या. त्यातली मिर्येम सावकाराची मुलगी. बापाला वसुली जमत नाही, म्हणून ती स्वतः दारोदार जाते. पेंढ्याचं सोनं करणाऱ्या बुटक्याची गोष्ट खरी कर्ज बुडवणाऱ्यांची आहे, असं ती सुरुवातीलाच सांगते. भाषा दाट आहे आणि ज्यूंबद्दल गावाच्या मनात असलेला द्वेष समजायला थोडं वय हवं.

एक सावधगिरी. सौंदर्यवती आणि पशू या गोष्टीवर बेतलेली ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही मालिका २०१५ मध्ये किशोरांसाठी म्हणून विकली गेली. पुढे नवी मुखपृष्ठं घालून ती मोठ्यांच्या कपाटात हलवली, आणि तेच योग्य झालं. तिच्यात शरीरसंबंधांची उघड वर्णनं आहेत. मुलींमध्ये ती हातोहात फिरते. ओढून घेऊ नका, पण तेराव्या वर्षी ती वाचायची घाई नाही, हे मोकळेपणानं सांगा.

प्रश्न : नातू नववीत, मराठी माध्यमात. इंग्रजी सुधारावं म्हणून अशी एखादी कादंबरी द्यावी म्हणतो. पण परीकथा म्हटलं की तो ‘मुलींचं’ म्हणून बाजूला ठेवतो.
— एक आजोबा, पुणे

उत्तर : आजोबा, अ‍ॅलेक्स फ्लिन यांचं ‘बीस्टली’ (२००७) द्या. पशूची गोष्ट, पण पशूच्याच तोंडून. न्यूयॉर्कच्या शाळेतला देखणा, श्रीमंत, उद्धट मुलगा, त्याला शाप मिळतो. वाक्यं छोटी आहेत आणि संवाद भरपूर. रोज दहा पानं त्यानं तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायची. अडलेला शब्द लगेच कोशात शोधायला लावू नका, पान पुरं होऊ द्या.

प्रश्न : मावशी, मी अकरावीत आहे. हिमगौरीची गोष्ट सावत्र आईच्या बाजूनं मराठीत लिहायची आहे. पण बर्फ, किल्ला, राजपुत्र यांतलं मी काहीच पाहिलेलं नाही. आणि जुनी गोष्ट वापरली तर कॉपीराइटचा त्रास होईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. आधी कायद्याचं. ग्रिम बंधूंची गोष्ट सगळ्यांची आहे, खुशाल वापर. सिनेमानं घातलेल्या भरीला मात्र हात लावू नकोस. सात बुटक्यांची आज सर्वांना ठाऊक असलेली नावं डिस्नेच्या १९३७ च्या चित्रपटातली आहेत. ग्रिमच्या बुटक्यांना नावंच नाहीत. तू तुझी ठेव.

सावत्र आईच्या बाजूनं लिहायचं तर तिला धुतल्या तांदळासारखी करू नकोस. डॉना जो नापोली यांचं ‘द मॅजिक सर्कल’ मिळालं तर वाच. हॅन्सेल-ग्रेटेलमधली चेटकीण त्यात आपली कहाणी सांगते. ती आधी सुईण होती, लोकांची दुखणी बरी करायची, आणि एका क्षणाच्या मोहात सैतानांच्या कचाट्यात सापडली. लेखिका तिला निर्दोष ठरवत नाही, त्या क्षणाशी नेऊन उभं करते. तुझ्या राणीचा असा क्षण कुठला? आरशापुढे ती पहिल्यांदा कधी थांबली? तिथून लिहायला घे.

बर्फाचं म्हणशील, तर हिमगौरीसोबत आणखी एक गोष्ट वाचून बघ. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती. सोबत आया होती, अ‍ॅना लिबेराता डिसोझा. घराणं मूळचं लिंगायत, आजोबा गोव्याजवळ येऊन ख्रिस्ती झालेले. अ‍ॅनानं आजीकडून ऐकलेल्या गोष्टी प्रवासात मेरीला सांगितल्या आणि १८६८ मध्ये त्यांचं ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघालं. कॉपीराइट कधीच संपलाय, इंटरनेटवर फुकट वाचता येतं.

त्यात सूर्याबाईची गोष्ट आहे. दूधवालीच्या तान्ह्या मुलीला गरुड उचलून नेतात आणि झाडावरच्या घरट्यात वाढवतात. एकदा राक्षस दारावर नखं मारतो, एक नख तुटून फळीत अडकतं. सकाळी सूर्याबाई दार उघडते, नख तळहातात रुततं आणि ती मेल्यासारखी पडते. मग एक राजा येतो, हातातलं नख बघतो आणि उपटून काढतो. ती उठून बसते. हिमगौरीचं सफरचंद आणि झोपलेल्या राजकन्येची चाती आठवली ना? पण इथे चुंबन नाही. कुणीतरी हाताकडे नीट बघितलं, एवढंच. मला हे फार फार आवडतं.

पुढे राजाची थोरली राणी सूर्याबाईला तळ्यात ढकलते. तिथे सूर्यफूल उगवतं. राणी ते जाळायला लावते. राखेतून आंब्याचं झाड येतं, आणि त्याचा आंबा पडतो तो थेट एका दूधवालीच्या भांड्यात.

म्हणजे तुला हवी ती मत्सरानं जळणारी, घाबरलेली बाई इथेही आहे, आणि तळं, आंबा, दुधाचं भांडं हे सगळं तू रोज पाहतेस. थोरल्या राणीला अ‍ॅनाच्या गोष्टीत बोलायला फार जागा नाही. सूर्यफूल तळ्यात पहिल्यांदा दिसलं, त्या सकाळी ती काय करत होती, तेवढं एक पान लिहून मला पाठव. वहीच्या कागदावर, खाडाखोड असली तरी चालेल.