एका पुरात जमिनीचे रूप बदलते का?

नद्यांचे आणि हिमनद्यांचे पूर भूप्रदेश कसा घडवतात, आणि हे काम हळूहळू होते की एखाद्याच मोठ्या पुरात होऊ शकते, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावरून आमच्या घरात फार जुना वाद आहे. एका रात्रीतसुद्धा होऊ शकते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी बहुधा काठावर उभे राहून पूर पाहिलेला असतो, पण तो ओसरल्यावर चिखल तुडवत वावरात कोणी गेलेले नसते.

आमची शेती वर्धा नदीच्या अमरावतीकडच्या काठाला आहे. नदीला मिळण्याआधी एक नाला आमच्या आणि थोरल्या चुलत भावाच्या वावरांमधून मोठे वळण घेत असे. दादांना ते वळण नेहमीच खुपायचे, कारण ते काढून नाला सरळ केला तर एकरभर काळी जमीन मोकळी होणार होती. मी तेव्हा हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. मी त्यांना सांगितले की वळण काढले म्हणजे नाल्याची लांबी कमी होईल, पण उंचीतला फरक तेवढाच राहील. म्हणजे उतार वाढेल, उताराबरोबर वेग वाढेल आणि वाढलेला वेग तळ खणू लागेल. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल अशा सर्वांत मोठ्या दगडाचे वजन सुमारे 64 पट होते, हा ढोबळ नियमही सांगितला. दादांचे उत्तर ठरलेले असे: नदी-नाल्याला जागा बदलायला हजारो वर्षे लागतात, तुझ्याच पुस्तकात तसे लिहिले आहे. उन्हाळ्यात पोकलेन आले आणि नाला सरळ झाला.

पुढच्या एका पावसाळ्यात वरच्या भागात रात्रभर पाऊस पडला आणि नदी चढण्याआधीच नाला भरून आला. सकाळी नाल्याचा तळ पुरुषभर खाली गेलेला होता. सरळ केलेल्या भागाच्या वरच्या टोकाला तळात एक उभी पायरी तयार झाली होती. अशा पायरीवरून पडणारे पाणी तिचा पायथा पोखरते, ती ढासळते आणि प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकत जाते. ती दादांच्या वावरापाशी थांबली नाही, माझ्या वावरात आली. पाणी उतरल्यावर नुकसान आणखी वाढले, कारण पाण्याने फुगलेल्या काळ्या मातीच्या दरडींना बाजूने पाण्याचा आधार उरला नाही आणि त्या कोसळू लागल्या. धुऱ्यावरच्या बाभळी मुळासकट गेल्या. वरची माती खरडून मुरूम उघडा पडला, आणि खाली नाल्याच्या तोंडाशी, जिथे पाण्याचा वेग एकदम कमी झाला, तिथे दुसऱ्याच कोणाच्या सोयाबीनवर रेती आणि गोटे पसरले. पंचनाम्यात मात्र पिकाचे नुकसान लिहिले गेले. जमीन पुढच्या गाळाने भरून येईल, असे मला सांगण्यात आले. हे साफ चुकीचे आहे. पाणी माल निवडून टाकते: जड गोटे आधी, मग रेती, बारीक गाळ शेवटी आणि तोही संथ पाण्यात. जिथून काळी माती वेगाने उचलली गेली, तिथे तो वेग कायम असेपर्यंत ती परत बसत नाही.

आता हिमनद्यांविषयी. तिथे हाच प्रकार अवाढव्य प्रमाणावर होतो, कारण बर्फ किंवा हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढिगारा दरी अडवतो, मागे तलाव साचतो आणि बांध फुटला की सगळे पाणी एकदम सुटते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात मैलोन्‌मैल माती नसलेला, खाचाखोचांचा काळा कातळ आहे. तो एका प्रचंड पुराने खरवडला गेला, असे भूवैज्ञानिक जे. हार्लन ब्रेट्झ यांनी 1923 मध्ये मांडले. 1927 मध्ये राजधानी वॉशिंग्टन शहरातल्या सभेत नामांकित भूवैज्ञानिकांनी त्यांना विरोध केला. एवढे पाणी आले कुठून, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण मोठ्या बदलाला दीर्घ काळच लागतो हा आग्रह रास्त नव्हता, आणि तोच दादांचाही आग्रह आहे. पाण्याचा उगम म्हणजे हिमयुगात बर्फाच्या बांधामागे साचलेला मिसूला तलाव. भूवैज्ञानिक जोसेफ पार्डी यांनी 1942 मध्ये त्या तलावाच्या जुन्या तळावरचे तरंगासारखे खड्यांचे उंचवटे दाखवले. ओढ्याच्या रेतीवर बोटभर उंचीच्या लाटा दिसतात, तशाच या, फक्त कित्येक मीटर उंच. ब्रेट्झ यांना पेनरोज पदक, म्हणजे भूविज्ञानातला मोठा सन्मान, मिळायला 1979 साल उजाडले.

हे मी आपल्याकडच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहितो, कारण तो कातळही पश्चिम विदर्भातल्या खडकासारखाच लाव्हाचा बेसाल्ट आहे. त्यात उभ्या भेगा असतात. वेगवान पाणी तो झिजवत बसत नाही, भेगांमधून ठोकळेच्या ठोकळे उपसून काढते. आपल्या नाल्यांत डोह तयार होण्यामागेही लहान प्रमाणावर हे काम असते. हिमनदीचे पूर इतिहासजमाही झालेले नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक तलाव फुटला, चुंगथांगचे धरण वाहून गेले आणि तिस्ता नदीचे पात्र गाळाने वर आले.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मिसूला तलाव एकदा फुटला नाही. बर्फाचा बांध पुन्हा पुन्हा तयार होऊन तो अनेकदा रिकामा झाला. विदर्भाची जमीन हिमनदीच्या पुरांनी घडवलेली नाही. इथे पश्चिमेकडे लाव्हा आहे, पूर्वेकडे त्याहून जुने खडक आहेत, आणि पूर्णेच्या खोऱ्यातला खोल गाळ साचण्यामागे भूकवचातले भ्रंशही, म्हणजे खडक सरकून पडलेल्या मोठ्या भेगाही, आहेत. शिवाय वॉल्मन आणि मिलर या अमेरिकी संशोधकांनी 1960 मध्ये दाखवले की पुष्कळ नद्यांत एकूण गाळ वाहण्याचे बहुतेक काम वारंवार येणारे मध्यम पूर करतात. म्हणजे दादांची बाजू अगदीच पोकळ नाही. पण कातळातून वाहणाऱ्या मोसमी नद्यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये. पुण्याचे भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदेच्या काठावर, मुख्य प्रवाहापासून आडोशाला साचलेल्या गाळाच्या थरांवरून जुने महापूर ओळखले आहेत. अशा नद्यांचे पात्र कोरण्याची ताकद मोठ्या पुरांतच असते.

आपण नदी-नाल्याकाठी शेती करत असाल तर वळण काढू नका, आणि काठाच्या अगदी कडेपर्यंत नांगरू नका. गवत आणि झाडांचा पट्टा राहू द्या. नाला खोल करायचाच असेल तर आधी तळात कातळ किती खाली लागतो ते पाहा. तळ नुसता मुरूम-मातीचा असेल तर खोदलेल्या भागाच्या वरच्या टोकाला दगडी बांध घालून तो पक्का करा, म्हणजे पायरी वर सरकणार नाही. खोलीकरणाने पाणी मुरते हे मला मान्य आहे. माझे भांडण नाला सरळ करण्याशी आहे, आणि त्यासाठी वरच्या अंगाच्या शेतकऱ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय मशीन लावू देऊ नये, असे माझे मत आहे. दादांना ते आजही मान्य नाही.