मे महिन्यातला साठा बघून लगेच घबराट म्हणू नका

तुमची पोस्ट वाचली आणि 2022 आठवलं. तुम्ही म्हणता, मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या आठवड्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मराठी पोस्टींचा ‘नकारात्मक’ आलेख एकदम चढला, साठा करून ठेवण्याचं बोलणंही वाढलं. मग ‘युद्धामुळे कोकणात अन्नटंचाईची भीती’ असा निष्कर्ष काढावा का? माझं मत विचाराल तर अजिबात नको. पोस्टी गोळा करणं, त्यातली भावना (सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ) ओळखणारं संगणकी मॉडेल चालवणं तुम्हाला येतंच, ते सोडतो.

आधी महिना बघा. आपल्याकडे कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या बेगमीची, खरेदी मे महिन्यातच होते. तांदूळ, मसाला, कांदे, सोलं, सुकट-बोंबील, सगळं पावसाच्या आत घरात यायला हवं. 1 जूनपासून मासेमारी बंद. त्यात त्या वर्षी मान्सून 25 मेलाच देवगडपर्यंत येऊन ठेपला, म्हणजे उरलेल्यांचीही धावपळ. ‘दोन महिन्यांचं भरून ठेवलं’ हे चंदीगडला कुणी लिहिलं तर गोष्ट वेगळी. तिथे 9 मेला प्रशासनाने साठेबाजीवर बंदी घातली होती. कणकवलीत तेच वाक्य दरवर्षीचं आहे. 2023 आणि 2024 मधले तेच आठवडे शेजारी ठेवा. त्याच्या वर जे उरेल ते कदाचित युद्धाचं. कदाचितच. शिवाय 9 मेलाच केंद्रीय अन्नमंत्री प्रल्हाद जोशींनी धान्यसाठा भरपूर आहे, अपप्रचारावर विश्वास ठेवू नका असं सांगितलं. ती बातमी पुढे ढकलणाऱ्या पोस्टीही तुमच्या जाळ्यात आल्या असणार. त्या बाजूला काढा, नाहीतर दिलासाच भीती म्हणून मोजाल.

आता जिथे माझे हात पोळले ते सांगतो. युक्रेनचं युद्ध सुरू झालं, सूर्यफूल तेल कडाडलं, 28 एप्रिलपासून इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात थांबवली. एका कार्यालयाला (नाव घेत नाही) लोकांना कसली काळजी आहे याचं दर आठवड्याला टिपण हवं होतं. आम्ही दोन रकाने केले होते: ‘महाग झालं’ आणि ‘मिळत नाही’. पहिला भरून वाहत होता, दुसऱ्यात जेमतेम काही. साहेबांना दोन रकाने नको होते. एकच आकडा द्या, तालुकावार नकाशा द्या, जास्त नकारात्मक तो लाल. दिला. त्या वर्षी खाद्यतेलाच्या साठ्यावर केंद्राची मर्यादा होतीच, त्यामुळे लाल तालुक्यांतल्या किराणा दुकानांवर तपासणी सुरू झाली. दुकानासमोर सरकारी गाडी दिसली की गावात काय चर्चा होणार? ‘तेल संपत आलंय वाटतं.’ पुढच्या आठवड्यात ‘मिळत नाही’ खरंच वाढलं, आणि तेच कार्यालय म्हणालं, बघा, नकाशा बरोबर होता! वर लिहिणाऱ्यांच्या खात्यांची यादी मागितली. नाही म्हटलं. काम तिथेच थांबलं, आणि रेशन दुकानांच्या रोजच्या विक्रीचे कबूल केलेले आकडे आजतागायत आलेले नाहीत. असो, चिडचिड पुरे.

सांगायचं एवढंच की महागाईचा राग आणि टंचाईची भीती एका आकड्यात घालू नका, तुमचे संशोधनाचे गाईड कितीही मागे लागले तरी. रागावलेला माणूस साठा करतोच असं नाही. उलट घाबरलेला माणूस बरेचदा साधा प्रश्न विचारतो: ‘रेशनवर तांदूळ कधी येणार?’ मॉडेल त्याला ‘तटस्थ’ म्हणून सोडून देतं. आणि ‘फोडणी बंद, आता तब्येत सुधारणार’ या महागाईवरच्या टोमण्याला ‘सकारात्मक’ ठरवतं! मॉडेलला मराठी शिकवायला महासेंट हा भावनेची खूण केलेल्या वाक्यांचा संच वापरत असाल तर तो महाराष्ट्रातल्या नामवंतांच्या ट्विटांवरून बनलाय हे लक्षात असू द्या. पुढाऱ्यांची भाषा वेगळी, मच्छी बाजारातली वेगळी, आणि रोमन लिपीत लिहिलेली मालवणी तर आणखीच वेगळी. (मी भाषेचा अभ्यासक नाही, अनुभवावरून बोलतोय. डेटा गोपनीयतेचं कायद्याचं जाणकाराला विचारा.)

नुसतं ‘तेल’ शोधू नका, त्यात केसांचं तेलही येतं आणि कच्चं तेलही. गव्हापेक्षा तांदूळ, सुकी मासळी, खोबरं, ट्रॉलरचं डिझेल, भाताच्या हंगामाचा युरिया हे शब्द घ्या. आपल्याकडची काळजी तिथे दिसते. भाव खरंच वाढले होते का, हे ग्राहक व्यवहार विभागाच्या रोजच्या किरकोळ दरांशी ताडून बघा. प्रोफाइलवर ‘रत्नागिरी’ लिहिणारा कुवेतला किंवा नालासोपाऱ्याला असू शकतो. त्याची काळजी खोटी नाही, पण ती तिथल्या दुकानाबद्दलची असेल. व्हॉट्सअ‍ॅपवरचं काही तुमच्या हाती लागणार नाही, आणि खरी बोलणी तिथेच होतात. ही मर्यादा अहवालात पहिल्याच पानावर लिहा.

चढलेल्या आठवड्यातल्या शे-दोनशे पोस्टी मॉडेलशिवाय स्वतः वाचा, सोबत मालवणी बोलणारं कुणीतरी घ्या. नावं काढून थोडा नमुना इथे टाकलात तर मीही बघतो, पण गणपती झाल्यावर.