माळवदाचं घर : मोडायचं की राहतं करायचं?

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात आमचं आठ खणांचं (दोन तुळयांमधला भाग म्हणजे एक खण) जुनं माळवद, म्हणजे वर मातीचा थर असलेल्या सपाट छताचं घर आहे. सागवानी तुळया, अडीच फुटी दगड-मातीच्या भिंती. मुलाबाळांसह तिथं कायमचं राहायला जायचं ठरलंय. पावसाळ्यात दोन ठिकाणी गळतं. कोपऱ्यात उकरून पाहिलं तर माती सव्वा फूट निघाली. मिस्त्री म्हणतात, वरून चार इंच काँक्रीट ओता, गळती कायमची जाईल. ओतावं का?

उत्तर : ओतू नका. तुमच्या घराचं दुखणं कमी मातीचं नसून जास्त मातीचं आहे. दरवर्षी पावसाआधी नवा थर चढत गेला आणि जुना कुणी काढला नाही. एक फूट जाडीची माती दर चौरस फुटाला ४८ ते ५० किलो भरते. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीवर आजच सात टनांहून जास्त भार आहे, भिजली की आणखी. त्यावर चार इंच काँक्रीट म्हणजे पावणेतीन टनांची भर. शिवाय लाकूड लवतं, काँक्रीट लवत नाही. सोलापूरच्या उन्हात ते तापून तडकतं, फटीतून पाणी आत जातं आणि वर झाकण असल्यामुळे वाळत नाही. तुळईचं भिंतीतलं टोक आतल्या आत कुजतं आणि वरून काहीच दिसत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसं गाडली गेली ती अशाच जड छतांखाली आणि उभ्या फाटलेल्या दगडी भिंतींखाली. म्हणून वजन आधी उतरवा.

प्रत्येक तुळईच्या मध्यावर, खाली फळी देऊन, टेकू लावा. मग माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवत या. एकच बाजू मोकळी केली तर तुळई पिळते. काढलेली माती शेजारच्या खणावर टाकू नका. गडी हमखास टाकतात.

छत मोकळं झालं की तुळईची टोकं तपासा. भिंतीलगतच्या फूटभर भागात पेचकस दाबून पाहा. चांगल्या सागात टोक जेमतेम रुततं. कुजलेल्यात ते लोण्यासारखं अर्धा-पाऊण इंच आत जातं आणि बाहेर काढताना तपकिरी भुगा घेऊन येतं. ठोकल्यावर भद्द आवाज आला तरी तोच अर्थ. एवढ्यासाठी अख्खी तुळई बदलायची गरज नसते. भिंतीला चिकटून नवा खांब उभा करून तुळई त्यावर टेकवा, किंवा दोन्ही अंगांनी लोखंडी चॅनेल बोल्टनं आवळा. चॅनेलचं माप मात्र इंजिनिअरकडून काढून घ्या. किलचन (तुळयांवर मातीखाली घातलेल्या लाकडी पट्ट्या) कुजकं असेल तेवढंच बदला.

आता नवं माळवद (छतावरचा मातीचा थर) एकूण आठ इंचांचंच. किलचनावर दोन इंच माती, त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जोडाला फूटभर एकावर एक, कडा भिंतीवर वळवलेल्या. वर सहा इंच माती. पन्हाळीकडे दहा फुटांत तीन इंच उतार द्या. माती पांढरीचीच (जुन्या गावठाणातली पांढरट माती) घ्या. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की बोटभर भेगा देते. जुनी पांढरी चाळून, भुसा घालून, आठवडाभर भिजवून तुडवली की पुन्हा चालते. त्याच खोलीवरचा भार मग सुमारे चार टनांवर येतो.

भिंतीला पोट आलं असेल तर थांबा. आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांना सोडतोय, असा त्याचा अर्थ. दर मीटरला, आडवं आणि उभं, एकेक दगड अलगद काढून आरपार तीन इंचांचं भोक करतात, त्यात दोन्ही टोकं वळवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरतात आणि दहा दिवस पाणी मारतात. हातोड्यानं धक्के देत भोक पाडणारा गडी या कामाला नको. पहारीनं हळूहळू माती खरवडणारा बघा.

प्रश्न : संडास-बाथरूम घरातच, मधल्या खोलीत काढता येईल का?

उत्तर : मातीच्या भिंतीला लागून नको. परसात विटांची स्वतंत्र खोली बांधा आणि जुन्या भिंतीपासून थोडी मोकळी ठेवून वरून पत्र्यानं जोडा. वायरिंगसाठी भिंत खोदू नका, केसिंग-पट्टी वरूनच न्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) बसवा. आतून सिमेंट गिलावा केला तर दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे धरतो, कारण भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही. चुना आणि वाळू १:३ हाच गिलावा करा.

प्रश्न : छतातलं साणं (उजेड-हवेसाठी ठेवलेलं भोक) बुजवावं का?

उत्तर : अजिबात नको. मे महिन्यात गरम हवा त्यातूनच बाहेर जाते. भोवती नऊ इंचांचा कठडा उचला, वर जाड काच आणि बाजूंना जाळी बसवा. पाऊस अडतो, हवा अडत नाही.

प्रश्न : वाळवीसाठी काय करावं? आणि काम कधी काढावं?

उत्तर : भिंत आणि जमीन मिळते तिथं फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकी एक लिटरपर्यंत वाळवीनाशकाचं द्रावण सोडतात. हे काम परवानाधारकाकडूनच, आणि घरातली आड-विहीर जवळ असेल तर आधी त्याला दाखवून. माळवद उतरवायला दिवाळीनंतर लगेच हात घाला. संक्रांतीपर्यंत लाकडाचं काम उरकलं तर वरची माती होळीपर्यंत दाबून होते आणि वळीव यायच्या आत वाळते. वाळताना ज्या भेगा पडतील त्या शेण-मातीच्या पातळ काल्यानं दोनदा भरून घ्या. पहिला पाऊस बरोबर त्याच भेगा शोधतो.