यादवीची कलाटणी नेमकी कोणती?

एका वाचकाने विचारले आहे: 'अमेरिकन सिव्हिल वॉरचा टर्निंग पॉइंट म्हणजे गेटिसबर्गची लढाई' हे मराठीत 'नागरी युद्धाचे निर्णायक वळण' असे लिहिले तर चालेल का?

आधी ते 'नागरी युद्ध' खोडा. नागरी पुरवठा असतो, नागरी सहकारी बँक असते. एका घरची माणसे एकमेकांच्या जिवावर उठली की मराठी माणूस त्याला यादवी म्हणतो. इतका नेमका शब्द हाताशी असताना तो टाकून देणाऱ्या अनुवादकांचा मला मनापासून राग येतो.

'यादव आपसांत लढले म्हणून यादवी', एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. महाभारतातले मौसलपर्व वाचा. कुरुक्षेत्राला छत्तीस वर्षे होत आली आहेत. प्रभासक्षेत्री मद्य प्यालेला सात्यकी कृतवर्म्याला (दोघेही यादव, पण कुरुक्षेत्रावर एक पांडवांकडून तर दुसरा कौरवांकडून लढलेला) हिणवतो: तू झोपलेल्यांना मारलेस. कृतवर्मा उलटतो: आणि तू? हात तुटून प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नत्याग करून मरायला, बसलेल्या भूरिश्रव्याला कोणी मारले? म्हणजे भांडण दुसऱ्याच युद्धाच्या थकबाकीचे! सात्यकी उठून त्याचे शिर उडवतो, आणि मग एरका गवत हाती घेऊन बाप लेकाला आणि लेक बापाला मारू लागतो. यात कलाटणी कोणती? गांधारीचा यदुकुळाला शाप, ऋषिशापाने कृष्णपुत्र सांबाच्या पोटी आलेले कुळनाशक मुसळ, की सात्यकीची तलवार? माझ्या मते तलवारच. शाप आणि मुसळ ही कारणे झाली. तलवार चालेपर्यंत ते सगळे एकत्र बसून पीत होते.

'यादवी हा कुळातला कलह, अमेरिकेसारख्या मोठ्या युद्धाला तो शब्द तोकडा पडतो,' असे काही पंडित सांगतात. या युद्धात दक्षिणेविरुद्ध उत्तरेचे नेतृत्व करणारे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची सासुरवाडी त्यांनी बघावी. लिंकन यांच्या पत्नीचे सावत्र भाऊ दक्षिणेच्या सैन्यातून लढले. यादवी आणखी वेगळी काय असते?

आता कलाटणी. कलणे, कलंडणे यांच्याच कुळातला हा शब्द आहे, असे माझे ठाम मत आहे. एका बाजूला कललेले दुसऱ्या बाजूला उलटते, ती कलाटणी. वळणाला उलटावे लागत नाही. 17 सप्टेंबर 1862 च्या अँटिएटमच्या लढाईनंतर लिंकन यांनी गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढण्याचे घोषित केले आणि युद्धाचा हेतूच बदलला. त्याला खुशाल वळण म्हणा. जुलै 1863 मध्ये गेटिसबर्गला दक्षिणेचे सेनापती ली हरले, दुसऱ्याच दिवशी मिसिसिपीकाठचे व्हिक्सबर्ग उत्तरेचे सेनानी ग्रँट यांच्या हाती आले आणि थोड्याच दिवसांत सबंध मिसिसिपी नदी उत्तरेची झाली. त्या दोहोंत मला व्हिक्सबर्गच मोठे वाटते. पण ऑगस्ट 1864 मध्ये उत्तरेतली जनता युद्धाला इतकी विटली होती की आपण निवडणूक हरणार, असे खुद्द लिंकन यांनी 23 तारखेला कागदावर लिहून ठेवले. पारडे तेव्हा खरोखर पलीकडे कलले होते. 2 सप्टेंबरला उत्तरेचे सेनानी शर्मन यांच्या सैन्याने दक्षिणेतले अटलांटा शहर घेतले आणि नोव्हेंबरात लिंकन पुन्हा निवडून आले. कलाटणी म्हणतात ती ही.

गेटिसबर्गला 'निर्णायक' तर मुळीच लिहू नका. त्यानंतर ली शरण येईपर्यंत 21 महिने माणसे मरत होती.