सावरडोनं प्रथिनं वाढत नाहीत, ग्लुटेनही जात नाही

सावरडो म्हणजे पीठ पाण्यात कालवून, रोज थोडं काढून थोडं नवं घालत आंबवत ठेवलेलं मिश्रण. घरच्या विरजणासारखंच, फक्त पिठाचं. रोजचं काढलेलं फेकवत नाही म्हणून त्याचे वॉफल करायचे, आणि करतोच आहोत तर ते 'प्रोटीनवाले' करायचे, असा बेत बऱ्याच घरांत दिसतो. बेत चांगला आहे. पण दर आठवड्याला तेच दोन गैरसमज (आंबवल्यानं प्रथिनं वाढतात, आणि ग्लुटेन हे गव्हातलं चिवट प्रथिन नाहीसं होतं) नव्या हस्ताक्षरात माझ्याकडे येतात, म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकत्र देते.

प्रश्न : पीठ आंबवलं की त्यातलं प्रोटीन दुप्पट होतं, असा मेसेज आलाय. खरं आहे का? (नाशिक)

नाही. 200 ग्रॅम कणकेत साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात आणि रात्रभर आंबवली तरी सकाळी तेवढीच असतात. आंबवल्यानं पिठातलं फायटिक आम्ल कमी होतं, त्यामुळे लोह आणि जस्त अंगी लागायला थोडी मदत होते. फायदा आहे तो एवढा. मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न : मग चौघांच्या नाश्त्याला खरोखर प्रथिनं असलेले सावरडो वॉफल करायचे कसे? प्रमाण द्या. (ठाणे)

रात्री 100 ग्रॅम स्टार्टर (म्हणजे तेच आंबवलेलं मिश्रण; निम्मं पीठ, निम्मं पाणी), 150 ग्रॅम कणीक आणि 200 मिली घट्टसर ताक कालवून झाकून ठेवा. सकाळी त्यात दोन अंडी, तळहातानं लोण्यासारखं मळलेलं 100 ग्रॅम पनीर, 50 ग्रॅम बेसन, दोन मोठे चमचे पातळ तूप आणि मीठ घाला. पंधरा मिनिटं थांबा, बेसन भिजलं पाहिजे. घट्ट वाटलं तर दुधाचा हात द्या.

खायचा सोडा अर्धा चमचा, तोही साचा चांगला तापल्यावर, अगदी शेवटी. पिठातल्या आंबटपणाशी गाठ पडताच तो फसफसतो. तो फेस बसायच्या आत पीठ साच्यात गेलं पाहिजे. मध्येच फोन घ्यायला गेलात तर बसके वॉफल खायची तयारी ठेवा. साच्याच्या कडेनं येणारी वाफ थांबली की वॉफल झाला. त्याआधी झाकण उचललंत की त्याची दोन शकलं होतात, एक वरच्या पाळ्याला चिकटलेलं, एक खालच्या.

आता हिशोब. स्टार्टरमधली धरून कणकेतून 22 ग्रॅम, अंड्यांतून 12, पनीरमधून 18, बेसनातून 10, ताकातून चार-पाच. वॉफल होतात आठ, म्हणजे प्रत्येकी आठ ग्रॅमच्या आसपास. अंडी, पनीर, बेसन गाळलंत तर आंबवूनसवरून हाती लागतात तीन-साडेतीन. काम कोण करतंय ते बघा.

बेसन का, तर गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत ते भरपूर. वरण-पोळीचं गणित तेच. अंडी चालत नसतील तर पनीर 150 आणि बेसन 75 ग्रॅम करा. वॉफल जरा मऊ राहील, प्रथिनं कमी पडणार नाहीत.

प्रश्न : सकाळची घाई टाळायला अंडी रात्रीच घालून ओट्यावर ठेवली तर? (अकोला)

नको. अंडी सकाळीच. आणि तुमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पीठही रात्रभर बाहेर ठेवू नका. चार-पाच तासांत ते वर येतं, मग लगेच फ्रीजमध्ये टाका.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, किरकोळ अंगाचा. वॉफलच्या पिठात दोन स्कूप प्रोटीन पावडर घालते. तयार प्रोटीन वॉफल प्रीमिक्सही मिळतं. कोणतं चांगलं? (पुणे)

दोन्ही नको. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 23 ग्रॅम प्रथिनं लागतात. वरच्या प्रमाणातला एक वॉफल आणि कपभर दूध झालं की त्यातली निम्मी सकाळीच पोटात गेली. उरलेली वरण, उसळ, दही बघून घेतील. त्याच संस्थेच्या 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत प्रोटीन पावडरी टाळा असं स्पष्ट म्हटलंय, आणि ते वाक्य मोठ्यांसाठीही आहे.

प्रीमिक्सच्या पाकिटाची गंमत सांगते. पुढच्या बाजूचा ठसठशीत आकडा कित्येकदा 100 ग्रॅमचा असतो. मागे बारीक अक्षरांत एक सर्व्हिंग मात्र 30 ग्रॅमचं निघतं. कृतीत लिहिलेलं असतं 'दूध व अंडी घाला'. म्हणजे दूध तुमचं, अंडी तुमची आणि श्रेय पाकिटाचं! घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते. पहिल्या तिनांत मैदा, साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, साखरेसारखीच झटकन पचणारी पूड) दिसलं तर पाकीट परत फळीवर ठेवा. शिवाय व्हे पावडर (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची) जास्त झाली की वॉफल रबरासारखा होतो. पोरगं अर्धा टाकून उठतं आणि तुम्ही म्हणता, खातच नाही.

'किरकोळ' हे शेजारणीचं मत आहे की मोजमाप? बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन उंची-वजन वाढीच्या तक्त्यावर मांडून घ्या. पावडरीचं त्यानंतर बोलू.

प्रश्न : स्टार्टरवर काळपट पाणी येतं. फेकू का? (न्यू जर्सी)

काळपट पाणी म्हणजे त्याला भूक लागलीय. ओतून टाका, ताजं पीठ घाला. गुलाबी किंवा नारिंगी रेघा, किंवा लव आलेली बुरशी दिसली तर बरणीसकट विसरा. वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची. पोट सारखं फुगतं, अधूनमधून जुलाब होतात, वर्षभरात उंची जेमतेम वाढली. लोहाचं औषध देऊनही हिमोग्लोबिन 8 च्या वर जात नाही. ओळखीतल्या एकांनी गहू बंद करायला सांगितलं, सावरडोत ग्लुटेन उरत नाही म्हणून ते चालतं म्हणाले. दोन महिने पोळी बंद आहे, रविवारी सावरडो वॉफल देतो. थोडा फरक वाटतो. असंच चालू ठेवू का? (कोल्हापूर)

नाही. हे उत्तर लांबेल, कारण याच एका गोष्टीपायी मुलांची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

तुम्ही लिहिलेली लक्षणं सिलिअॅक आजारात दिसतात. त्यात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अन्न शोषणारे मखमलीसारखे तंतू झिजतात, मग लोहाचं औषध कितीही पाजा, ते शोषायला जागाच उरत नाही. हा परदेशातला आजार आहे, आपल्याकडे नसतो, असं अजूनही ऐकते. दिल्ली परिसरातल्या पाहणीत तो सुमारे शंभरात एकाला आढळला होता.

आता सावरडो. आंबवण्यात ग्लुटेनचे काही तुकडे पडतात, फ्रुक्टॅन नावाची कर्बोदकं कमी होतात. त्यामुळे काहींना सावरडो पोटाला हलका वाटतो, आणि ते खोटं नाही. पण 'ग्लुटेनमुक्त' म्हणायची मर्यादा आहे किलोमागे 20 मिलिग्रॅम. गव्हाच्या किलोभर पिठात ग्लुटेन असतं हजारो मिलिग्रॅम. तुमच्या ओट्यावरची बरणी एका रात्रीत हा फरक मिटवत नाही. सिलिअॅक असेल तर रविवारचा वॉफल म्हणजे दर आठवड्याला त्याच जखमेवर घाव.

दुसरी चूक पहिलीहून मोठी. तपासणीआधीच तुम्ही गहू बंद केलात. रक्ताच्या तपासणीत (टीटीजी-आयजीए, सोबत एकूण आयजीए) ज्या प्रतिपिंडांचा शोध घेतात, ती ग्लुटेन पोटात जात असेल तरच नीट दिसतात. गहू तोडला की ती उतरत जातात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मग सगळे निर्धास्त. एका घरात असाच नॉर्मल रिपोर्ट फायलीत राहिला. खरं निदान चार वर्षांनी झालं, तोवर त्या मुलाची धाकटी बहीण त्याच्याहून उंच झाली होती.

तेव्हा याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा, शक्यतो पोटविकारांचं काम करणाऱ्या. गहू कधी बंद केला, मध्ये किती वॉफल झाले, तारखांसकट सांगा. गहू पुन्हा सुरू करायचा का आणि किती दिवस, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासायचा का, हे ते ठरवतील. मी ठरवणार नाही आणि तुमच्या ओळखीतल्यांनी तर मुळीच ठरवू नये. निदान पक्कं झालं तर तुम्हा आईवडिलांची आणि भावंडांचीही तपासणी करून घ्या.

आणि झालंच निदान, तर वॉफलचा साचा वेगळा घ्या. त्याच्या खाचांत अडकलेला चुरा घासून जात नाही, हवं तर टोकदार काडी फिरवून बघा. ज्वारी, तांदूळ, राजगिरा चालतात, पण गिरणीत गव्हानंतर लगेच दळलेले नकोत. हिंगाच्या डबीवरची यादीही वाचा, बांधानी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. तांदूळ-उडदाचं आंबोळीचं पीठ त्या नव्या साच्यात झकास होतं. आंबवलेलं आहे, डाळीची प्रथिनं आहेत, वरून पनीर किसा. पण हे सगळं निदानानंतर, आधी नाही.

प्रश्न : सासऱ्यांचं क्रिएटिनिन वाढलंय. आमच्यासोबत दोन प्रोटीन वॉफल दिले तर चालतील? (बेळगाव)

त्यांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही नाही. विचाराल तेव्हा सोडा आणि मीठ किती घालता तेही सांगा.

प्रश्न : बाळ दहा महिन्यांचं आहे. वॉफलचा मऊ तुकडा मध लावून देऊ का? (पणजी)

मध नाही. वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायचासुद्धा नाही, गरम वॉफलवर घालूनही नाही. त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तेवढ्या उष्णतेनं ते मरत नाहीत. मीठ न घातलेल्या वॉफलच्या मऊ तुकड्याला केळं कुस्करून लावा. अंडं, गहू, दूध यांतलं काही बाळाला अजून दिलं नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.