‘कोनाडा’ नको, ‘नीड’ म्हणा

नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमधल्या ताईंचा प्रश्न आहे. स्तनातल्या मूलपेशींना (म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होतात त्या ‘स्टेम सेल’) रोगप्रतिकारक पेशी कशा सांभाळतात, यावर त्यांना मराठीत माहितीपत्रक लिहायचंय. ‘स्टेम सेल निश’ला, म्हणजे मूलपेशीला सांभाळणाऱ्या तिच्या आजूबाजूच्या जागेला, ‘कोनाडा’ म्हटलं तर चालेल का? आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीला ‘सैनिक पेशी’?

ताई, कोनाडा अजिबात चालणार नाही. हल्ली नागपुरातल्या आरोग्य-व्याख्यानांत हा शब्द सर्रास कानावर येतो आणि दर वेळी डोकं उठतं. कोशात ‘निश’पुढे कोनाडा दिसला, उचलला, चिकटवला! महाल भागातल्या जुन्या वाड्यात कोनाड्यात दिवा ठेवतात. पण दिवा तेवतो तो तेलावर, कोनाडा त्याच्यासाठी काहीच करत नाही. पेशीचं ‘निश’ मात्र सतत राबत असतं. रे स्कोफील्ड यांनी १९७८ साली रक्ताच्या मूलपेशींबद्दल ही कल्पना मांडली तीच मुळी अशी, की मूलपेशीचं मूलपेशीपण तिच्या शेजारावर टिकतं.

स्तनातलं उदाहरण तर फार सुंदर आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत २००६ साली दिसलं, की एका मूलपेशीपासून अख्खी दुग्धग्रंथी उभी राहू शकते. पण २००९ साली हेही दिसलं, की ज्या उंदरांतल्या मॅक्रोफेज कमी केल्या, त्यांच्यात या पेशी नीट रुजतच नाहीत. असं का, याचं एक उत्तर २०१८ साली मिळालं. मूलपेशी आपल्या अंगावर डीएलएल-१ नावाचं प्रथिन धरून असते. ते शेजारच्या मॅक्रोफेजवरच्या नॉच या ग्राहीला (निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला) टेकतं, आणि उलट ती मॅक्रोफेज डब्ल्यूएनटी कुळातली प्रथिनं सोडते. त्यांच्यावर मूलपेशी तगते. यातला नॉचचा निरोप लांबून पोचत नाही. त्यासाठी दोन पेशी अंगाला अंग लावून बसलेल्याच हव्यात.

‘बसलेल्या’ हे मुद्दाम म्हणतोय. ‘निश’ हा शब्द फ्रेंच. मूळ क्रियापद ‘निशे’, म्हणजे घरटं करणं. ते आलं लॅटिन ‘नीदुस’वरून, म्हणजे घरटं. आणि ‘नीदुस’चं सख्खं भावंड म्हणजे आपलं संस्कृत ‘नीड’! दोघांच्या पोटात ‘नि’ आणि ‘सद्’ आहेत : खाली बसण्याची जागा. ‘सद्’मधला अ गळला, उरलेला स शेजारच्या द-मुळे ज्‌सारखा घोष (घशातून नाद निघणारा) झाला, मग तोही गेला. जाताना त्यानं मागची इ दीर्घ केली आणि द-चा ड करून ठेवला. ‘नीड’मधला ड ही त्या हरवलेल्या स-ची खूण आहे. इंग्रजी ‘नेस्ट’मध्ये तो स अजून जागेवर आहे. काही कोशकार ‘निश’ इटालियन शिंपल्याच्या शब्दावरून आणतात. भिंतीतल्या कोनाड्याला वर शिंपल्याची नक्षी असते, एवढ्यावर भाळून शब्दाचं कूळ ठरवायचं? मला हे मुळीच मान्य नाही.

आता खरी मेजवानी. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात, सिंहादिवर्ग या प्रकरणात, ही ओळ पाहा : ‘पेशी कोषो द्विहीनेऽण्डं कुलायो नीडमस्त्रियाम्’. पेशी, कोष, अंड. आणि लगेच कुलाय, नीड. आपली ‘पेशी’ आणि हिंदीची ‘कोशिका’ ज्याच्यापासून आली तो ‘कोष’, दोघंही इथे अंड्याचे पर्याय म्हणून शेजारी बसलेत आणि त्यांना लागूनच घरटं! म्हणून ‘पेशी’ अशुद्ध, ‘कोशिका’च शास्त्रीय, असं सांगणाऱ्यांनी आधी ही ओळ वाचावी. (आपल्याकडे ‘उद्या पेशी आहे’ म्हटलं की लोकांना आधी कोर्ट आठवतं, हे खरं. पण ती पेशी फारसीतली, ‘पेश’ म्हणजे पुढे, यावरून आलेली. तिचा हिच्याशी काही संबंध नाही.)

‘सैनिक पेशी’ राहिलंच. तेही नको. इथे मॅक्रोफेज लढत नाही, पोसते. ‘महाभक्षी पेशी’ म्हणा; या पेशींना शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांनी नाव ठेवलं तेही खाण्यावरूनच.

पत्रकात ‘मूलपेशीचं नीड’ असं लिहा, नी दीर्घ. पहिल्यांदा येईल तिथे शेजारी ‘घरटं’ घाला, म्हणजे ओपीडीत बसल्या बसल्या वाचणाऱ्या बाईंना कोणाला विचारावं लागणार नाही.