लॅमिनेटवरचा पांढुरका थर आणि बाल्कनीच्या दाराशी फुगलेले सांधे

तुमच्या तीन तक्रारी आहेत: बेडरूमचं लॅमिनेट फ्लोअरिंग (लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्यांची जमीन) धुरकट, पांढुरकं दिसतं; बाल्कनीच्या दाराजवळ जुलैपासून सांधे वर आलेत; आणि पॉलिशवाला म्हणतो की मशीन फिरवून नव्यासारखं करून देतो. शेवटच्याचं उत्तर आधी देतो. त्याला नाही म्हणा. मशीन मार्बलसाठी असतं. लॅमिनेटवर घासण्यासारखं काही नसतंच.

ही फळी बनते कशी ते एकदा लक्षात घेतलं की बाकीचं सोपं होतं. ८ मिमी जाडीच्या फळीत जवळजवळ सगळी जाडी एचडीएफची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लाकडाच्या तंतूंची. त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि त्याच्यावर मेलामाइनचा पारदर्शक थर, ज्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात. वरचा थर कठीण असतो, पाणी पीत नाही. पण फळीच्या चारही कडांना, जिथे क्लिकची, म्हणजे एक फळी दुसरीत अडकवायची खाच कापलेली असते, तिथे आतलं एचडीएफ उघडं असतं. पाणी शिरतं ते तिथूनच. दाबलेले तंतू ओले झाले की फुगतात, आणि वाळल्यावर पूर्वीइतके बसत नाहीत.

आता धुरकटपणा. तुम्ही लिहिलंय की रोज बादलीत पांढरं फिनेल टाकून पोछा होतो. टाइल्सवर ते चालून जातं. मेलामाइनवर मात्र फिनेलमधलं तेल आणि साबण वाळून पातळ पापुद्रा बनतो, दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी एक. पाणी टँकरचं किंवा बोअरिंगचं असेल तर त्यात क्षारांची भर. खात्री करायची असेल तर संध्याकाळी दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा. पोछ्याचे अर्धगोल फराटे दिसले आणि नखाने ओरखडल्यावर रेघ उमटली तर तो थरच आहे, निघेल. फक्त दारापासून पलंगापर्यंतच्या वाटेवर फिकटपणा असेल आणि नखाने काही होत नसेल, तर ती झीज आहे. ती कशानेच भरून येत नाही.

थर काढायला लागतं १ लिटर कोमट पाणी, ५० मिली पांढरं व्हिनेगर (चायनीज करायला आणतो ते साधं, रंगीत नको) आणि तीन मायक्रोफायबर कापडं. काही कंपन्या व्हिनेगरला नकार देतात, तेव्हा फ्लोअरिंगचं माहितीपत्रक घरात असेल तर आधी बघा आणि पलंगाखालच्या कोपऱ्यात करून पाहा. खोली आधी कोरडी झाडून घ्या, नाहीतर रेती घासली जाईल. मग एका वेळी साधारण ३ फूट बाय ३ फूट एवढाच तुकडा घ्यायचा. पहिलं कापड व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि फळीच्या लांबीच्या दिशेने पुसा. दुसरं साध्या पाण्यात पिळून लगेच त्यावरून फिरवा, तिसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्या, मगच पुढचा तुकडा. पहिलं कापड राखाडी आणि चिकट होत जाईल, ते प्रत्येक तुकड्यानंतर खळबळा आणि पाणी गढूळ झालं की बदला. बहुतेकजण इथेच घाई करतात. सगळी खोली ओली करून मग वाळवायला घेतात, आणि तेवढ्यात सुटलेला थर परत बसतो. १० बाय १२ च्या खोलीला पाऊण तास तरी लागतो. थर वर्षभराचा असेल तर एका दिवसाआड आणखी एकदा करावं लागेल. पण हा दर आठवड्याचा उद्योग करू नका. व्हिनेगर शेवटी आम्लच आहे.

कापड किती पिळायचं, यावर सगळं अवलंबून आहे. पुसल्यानंतर पंखा चालू असताना एका मिनिटात जमीन कोरडी व्हायला हवी. सांध्यात ओलसर काळी रेघ रेंगाळली तर पाणी जास्त झालं.

फुगलेल्या सांध्यांकडे वळू. स्टीलची पट्टी सांध्यावर आडवी ठेवा. फळीचा मधला भाग सपाट आणि फक्त दोन्ही कडा उंच असतील, तर पाणी वरून सांध्यात गेलंय. उलट आख्खी फळीच तंबूसारखी उचलली गेली असेल आणि पाय दिल्यावर खाली-वर होत असेल, तर फळ्यांना पसरायला जागा मिळत नाहीये. भिंतीलगत स्कर्टिंगखाली ८ ते १० मिमी मोकळी जागा सोडायची असते. आपल्याकडे ती पुट्टीने भरलेली सापडते, किंवा फ्लोअरिंग झाल्यावर सुतार त्याच्यावरच भिंतीएवढं वॉर्डरोब ठोकून मोकळा होतो. मग पावसाळ्यात लॅमिनेट फुगलं की सरकायला वाव नाही, ते वरच येणार.

तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो, आणि माझा संशय पोछ्यापेक्षा स्लायडिंग दाराच्या खालच्या ट्रॅकवर आहे. ॲल्युमिनियमच्या त्या पन्हळीला बाहेरच्या बाजूला छोट्या खाचा असतात, पावसाचं पाणी बाहेर जायला. धूळ, कबुतरांची पिसं आणि रंगकामातले सिमेंटचे कण यांनी त्या बुजतात. तिरक्या पावसात ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या काठावरून फ्लोअरिंगच्या शेवटच्या प्रोफाइलखाली (काठ झाकणाऱ्या पट्टीखाली) उतरतं. तपासणी सोपी आहे: आतल्या काठाला जुना टॉवेल लावून ट्रॅकमध्ये पेलाभर पाणी ओता. मिनिटाभरात ते बाहेर गळायला लागलं नाही तर खाचा बंद आहेत. जाड तार घालून मोकळ्या करा आणि दर मे महिन्याच्या शेवटी हे काम ठरवूनच करा. फुगवटा एसीखालीही असेल तर ड्रेन पाइपही बघा, त्याचं कारण असंच असतं.

फुगलेल्या कडा पॉलिशपेपरने घासू नका. छापलेला कागद पृष्ठभागाच्या अगदी लगेच खाली असतो, दोन हात मारले की तपकिरी भुसा दिसतो. पाण्याची वाट बंद करून ३-४ आठवडे थांबा, थोडा फुगवटा बसतो. उरलेला नको असेल तर फळ्या बदलाव्या लागतील. त्या दाराशी, म्हणजे काठाला आहेत हे नशीब. प्रोफाइल आणि स्कर्टिंग काढून काठाकडून एकेक ओळ तिरकी उचलत क्लिक सोडवता येते. उचलल्यावर खालचा फोम हाताने दाबून पाहा. ओला असेल तर तो भाग कापून नवा टाका आणि कोबा दोन दिवस पंख्याखाली सुकू द्या. ओल्या फोमवर नव्या फळ्या बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. प्लास्टिकचा कागद खाली घातलेला नसेल तर याच वेळी घालून घ्या.

रोजचं म्हणाल तर फुलझाडू पुरतो, खराटा नको. व्हॅक्यूम असेल तर फिरता ब्रश बंद ठेवून. ओलं पुसणं आठवड्यातून दोनदा, भर पावसात एकदाच. हवेतच इतका दमटपणा असतो की पुसलेलं वाळत नाही. कामाच्या मावशींना 'कमी पाणी घ्या' सांगून उपयोग होत नाही, कारण बाकीच्या घरासाठी बादली भरलेलीच असते आणि त्यांना दहा घरं करायची असतात. त्यापेक्षा या खोलीसाठी वेगळा मायक्रोफायबर मॉप आणि स्प्रेची बाटली ठेवा, बाटलीवर मार्करने १५० मिलीची रेघ मारा. एवढ्या पाण्यात १० बाय १२ ची खोली आरामात होते आणि संपलं की संपलं. साबण हवाच असेल तर त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोनच थेंब. स्टीम मॉप मात्र कधीच नाही. गरम वाफ सांध्यात दाबाने शिरते. रोबो असेल तर या खोलीत त्याचं ओलं फडकं काढून ठेवा.

डागांचं थोडक्यात: नेलपॉलिश आणि मार्करला कापसावर ॲसिटोनवालं रिमूव्हर, मग ओल्या कापडाने पुसून घ्या. मेलामाइनला त्याने काही होत नाही. मेणबत्तीचं मेण किंवा च्युइंगम पिशवीतल्या बर्फाने कडक करून जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. हळद-तेल सांडलं तर डागाच्या आधी सांध्याकडे धावा, वरचं नंतरही निघतं. रबर लावलेली पायपुसणी टाकू नका. रबर खाली पिवळा डाग सोडतं, तो सहसा निघत नाही. फर्निचरच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावा आणि सहा महिन्यांनी बदला, कारण त्यात अडकलेली रेतीच पुढे ओरखडे काढते.

एक राहिलं. पेस्ट कंट्रोलवाल्यांना या खोलीत जेल लावायला सांगा, कडेने फवारा मारू देऊ नका. स्कर्टिंगच्या फटीतून ते पाणी थेट फळीच्या उघड्या कडेवर जातं. आणि फ्लोअरिंगवाल्याने ठेवलेला उरलेल्या फळ्यांचा बॉक्स घरात कुठेतरी असेल, तो आधी शोधा. दोन वर्षांनी तोच रंग आणि तीच क्लिक दुकानात मिळेलच असं नाही. बाल्कनीत उभा ठेवलेला असेल तर फळ्या वाकल्या असतील. पलंगाखाली आडवा ठेवा.